नाका कुणाचा, माल कुणाचा?

(औसा येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रकात 'अमेरिकेचं दार' असा विषय छापला आहे. तो वाचून गावातल्या पारावर थोडी थट्टा झाली असणार. ज्याला औशाहून लातूरला जायला एस.टी. वेळेवर मिळत नाही, त्यानं अमेरिकेच्या दाराची काळजी कशाला करायची? आम्हीही काळजी केली नसती. पण २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात तीन आठवड्यांत जे घडलं, ते घडलं वॉशिंग्टनला आणि दिल्लीला, आणि त्याची पट्टी फाटली आपल्या मोंढ्यात. म्हणून हा विषय.

तारखा नीट लक्षात घ्या. ७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं भारताच्या मालावर २५ टक्के जादा जकात लावली. २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के वाढवली, रशियाकडून तेल घेता म्हणून. एकूण ५० टक्के. आपला कापूस सरळ अमेरिकेला जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या कापसाचं सूत होतं, सुताचा टॉवेल, चादर, सदरा होतो, आणि भारताच्या तयार कपड्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे. बांगलादेशच्या मालावर २० टक्के आणि आपल्या मालावर ५० टक्के, मग आपला सदरा तिथं कोण घेणार? गिरणीवाले दिल्लीला धावले. दिल्लीनं काय करावं? १९ ऑगस्टला परदेशी कापसावरची ११ टक्के आयात जकात काढून टाकली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणून, आणि मग २८ ऑगस्टला मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे कोणते महिने? आपली पहिली वेचणी, दुसरी वेचणी, दसरा, दिवाळी. शेतकऱ्याच्या घरात कापूस येतो ते नेमके महिने.

आता याचा हिशेब साधा आहे. जकात लावली अमेरिकेनं. ती लागली कपड्याच्या निर्यातदाराला. त्यानं ती गिरणीवर ढकलली, गिरणीनं जिनिंगवाल्यावर, जिनिंगवाल्यानं अडत्यावर, आणि अडत्याच्या खाली कोण असतो ते तुम्हीच सांगा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. सप्टेंबरात मांजरा-तेरणेच्या काठानं, अख्ख्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बोंडं काळी पडली. जो कापूस घरात आला त्यात ओलावा जास्त, म्हणून सरकारी केंद्रावर नाकारला आणि खाजगीत हमीभावाच्या खाली मागितला. अमेरिकेनं मारलं आणि आपल्याच सरकारनं हात धरून ठेवला, असा हा प्रकार झाला.

या प्रसंगावर गावोगाव दोन मतं ऐकायला मिळतात. एक मत असं की, अमेरिका लबाड आहे, उगीच खुल्या बाजाराच्या गप्पा आपल्याला शिकवत होती, आता तिनंच दार लावलं, तेव्हा आपणही लावावं. काही येऊ नये, काही जाऊ नये. दुसरं मत असं की, अमेरिका आपल्या लोकांची काळजी घेते, आपलं सरकार घेत नाही. त्यांच्यासारखीच सबसिडी द्या म्हणजे झालं. दोन्ही मतं तरुण पोरांकडून येतात, तळमळीनं येतात. ती आम्ही उडवून लावणार नाही. पण औशाच्या, लातूरच्या, नांदेडच्या शेतकऱ्यानं नाका हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की, या बाबतीत त्याला अमेरिकेच्या अर्थशास्त्रज्ञांची गरज पडू नये.

आपण सगळे निजामाच्या मुलखातले. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि लातूर निजामाच्या राज्यात. मधे करोडगिरीचा नाका. माल हद्दीतून आत आला की करोडगिरी, बाहेर गेला की करोडगिरी. रुपयासुद्धा दोन जातींचा, इकडे हाली, तिकडे कलदार, आणि बदलून घेताना बट्टा. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि लातूरची पेठ वाढली हे खरं. पण गाडी रुळावरून सुसाट आली तरी पेठेतला माल नाक्यावर थांबायचाच. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके जाळले, ते उगीच नाही. लोकांना राजवटीचा जुलूम रझाकाराच्या हातात जसा दिसत होता तसाच नाक्यावरच्या कारकुनाच्या वहीतही दिसत होता. १७ सप्टेंबरला आपण झेंडा फडकावतो, भाषणं करतो. नाक्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही.

बरं, निजाम गेला म्हणून नाके गेले का? साठ-सत्तरच्या दशकात ज्वारीवर लेव्ही आली, जिल्हाबंदी आली. शेजारच्या जिल्ह्यात लेकीच्या घरी पोतंभर ज्वारी न्यायची तर माणूस चोर ठरायचा. कापसाचं तर विचारूच नका. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना. कापूस फक्त सरकारला घालायचा, चुकारे महिनोन्‌महिने रखडणार, आणि शेजारी आदिलाबादला भाव जास्त असला तरी तिकडे न्यायचा नाही. किनवट-भोकरच्या लोकांना विचारा, रात्रीच्या अंधारात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून गाड्या हद्दीपार न्यायची वेळ कुणी आणली? स्वतंत्र देशाचा नागरिक, स्वतःच्या शेतातला कापूस, आणि त्याचा तस्कर झाला. तो एकाधिकार २००२ च्या सुमारास सैल झाला आणि मग मोडला. तोवर तीस वर्षं गेली होती.

नंतर नाका मुंबईच्या बंदरावर गेला. २०१०-११ च्या हंगामात चीनची मागणी आणि पाकिस्तानातला पूर यामुळे जगात कापूस तापला. आपल्याकडे क्विंटलला सहा-सात हजारांपर्यंत भाव गेला. तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव होता ३,००० रुपये. कधी नव्हे ते कापसानं कर्ज फेडून चार पैसे घरात आले. त्या हंगामात सरकारनं निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये निर्यातीची नोंदणीच थांबवली होती. ५ मार्च २०१२ ला तर सरळ निर्यातबंदी केली. ओरड एवढी झाली की आठवडाभरात ती मागे घ्यावी लागली. त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्रीच म्हणत होते की आपल्याला विचारलं नाही. पण बाजारात एकदा धास्ती बसली की ती आदेश मागे घेतल्यानं जात नाही. परदेशातला खरेदीदार म्हणतो, या देशाचा भरवसा नाही, दुसरीकडून घेऊ.

तेव्हा आता या नाक्यांना एक नियम लावून पाहा. भाव चढला की माल बाहेर जायचं दार बंद. भाव पडला की बाहेरचा माल आत यायचं दार उघडं. २०२२ साली कापूस दहा हजारांवर गेला तेव्हाही आयात जकात काढलीच होती. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन आपल्या लातूरच्या बाजारात दहा हजारांच्या घरात होतं तेव्हा १२ लाख टन परदेशी सोयापेंड मागवायला परवानगी दिली. तीही जनुक बदललेल्या सोयाबीनची, जे बियाणं आपल्याला पेरायची बंदी आहे. म्हणजे आपल्या पेरणीला विष आणि कोंबड्याच्या खाद्याला औषध! नाका हा एकतर्फी असतो, मंडळी. तो गाडीवानाच्या बाजूनं कधीच नसतो, गाडीतला माल स्वस्तात पाहिजे असणाऱ्याच्या बाजूनं असतो.

आता अमेरिकेकडे वळू.

अमेरिका खुल्या व्यापाराची पंढरी आहे असं कुणी सांगत असेल तर ते तिच्या निम्म्या इतिहासाचं बोलणं आहे. १९३० साली मंदीत त्यांनी जकातीची एवढी मोठी भिंत उभी केली की बाकीच्या देशांनीही भिंती उभ्या केल्या आणि जगाचा व्यापार बसला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना शहाणपण सुचलं, जकाती उतरवल्या. पण कोणत्या मालावर? ज्यात ते स्वतः पुढे होते त्या. कापडाच्या बाबतीत १९७४ पासून २००४ च्या अखेरीपर्यंत बहुतंतू करार नावाची व्यवस्था होती. भारतानं किती सदरे पाठवायचे, किती चादरी पाठवायच्या, याचा कोटा तिकडं ठरायचा. १ जानेवारी २००५ ला तो संपला. म्हणजे इकडे एकाधिकार खरेदीचा नाका आणि तिकडे कोट्याचा नाका, आणि दोन्हींच्या मधे आपली पऱ्हाटी. डंकेल मसुदा १९९१ च्या डिसेंबरात आला तेव्हा देशभर सगळे पुढारी, डावे काय, उजवे काय, शेतकरी बुडाला म्हणून छाती पिटत होते. शरद जोशी उलट बोलले, त्यांना विकले गेलेले म्हणायलाही लोकांनी कमी केलं नाही. त्या मसुद्यातून जो करार झाला त्यानंच हा कोटा दहा वर्षांत मोडीत काढायचं ठरलं, हे छाती पिटणाऱ्यांपैकी कितींनी वाचलं होतं?

त्याच वेळी अमेरिकेची सबसिडी हे खोटं नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे कापूस पिकवणारे शेतकरी होते साधारण २५ हजार. आपल्या एका तालुक्यात तेवढी खाती निघतील. त्या २५ हजारांसाठी त्यांचं सरकार वर्षाला काही अब्ज डॉलर मोजत होतं. त्यामुळे भाव पडला तरी ते पेरत राहायचे आणि जगात भाव आणखी पडायचा. पश्चिम आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश कापसावरच जगतात. २००३ साली त्यांनी कानकूनच्या परिषदेत हा प्रश्न मांडला. पण खरं काम केलं ब्राझीलनं. २००२ साली ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेवर फिर्याद केली, २००४ ला निकाल बाजूनं लागला, २००५ ला अपिलात टिकला. अमेरिका ऐकेना, तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलला सुमारे ८३ कोटी डॉलरची परतफेडीची कारवाई करायची मुभा मिळाली. मग अमेरिका वठणीवर आली. २०१० पासून वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी देऊ लागली आणि २०१४ ला ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. या खटल्यात भारतही हजर होता, पण त्रयस्थ पक्ष म्हणून. पंचायतीत भांडण शेजाऱ्यानं लढायचं आणि आपण घोंगडी टाकून बसायचं!

आपलं सरकार फिर्यादी का झालं नाही? कारण त्याच्याच कागदावर आपली शेती उणे सबसिडीची होती. १९८६ ते १९८८ या पायाभूत वर्षांचा जो हिशेब भारतानं जागतिक व्यापार संघटनेला दिला त्यात पिकांची मदत उणे होती. जगातल्या भावापेक्षा आपल्याला कमी भाव मिळत होता असं सरकारनंच लिहून दिलं. अमेरिकेचा शेतकरी सरकारकडून घेतो, आपला शेतकरी सरकारला देतो. म्हणून जे म्हणतात की अमेरिकेसारखी सबसिडी द्या, त्यांना आमचं सांगणं असं की, आधी खिशात घातलेला हात बाहेर काढायला लावा. मग मदतीचं बघू.

आणि दार लावून अमेरिकेच्या शेतकऱ्याचं भलं झालं का, तेही बघा. २०१८ मध्ये अमेरिकेनं चीनच्या मालावर जकाती लावल्या. चीननं जुलैत उलट २५ टक्के जकात लावली ती कशावर? त्यांच्या सोयाबीनवर. चिनी खरेदीदार ब्राझीलकडे गेला. आयोवा, इलिनॉयचे सोयाबीनवाले ढिगावर बसून राहिले. सरकारला २०१८ मध्ये १,२०० कोटी डॉलर आणि २०१९ मध्ये १,६०० कोटी डॉलर भरपाई जाहीर करावी लागली. २०२५ मध्ये तीच कथा पुन्हा झाली, महिनोन्‌महिने चीननं त्यांचं सोयाबीन उचललं नाही. भरपाईचा चेक घरी येतो, पण गेलेलं गिऱ्हाईक येत नाही. ब्राझील एव्हाना कापसाच्या निर्यातीतही २०२३-२४ मध्ये अमेरिकेच्या पुढे गेला. दोन राजधान्या भांडल्या की पहिला दगड शेतकऱ्याच्या पाठीत बसतो. मग ती राजधानी वॉशिंग्टन असो, बीजिंग असो की दिल्ली.

अमेरिकेतल्या वादाच्या मुळाशी एक भीती आहे. दुसरे देश वर येत आहेत, म्हणजे आपण खाली जाणार. ऐंशीच्या दशकात ही भीती जपानची होती, त्यांच्या मोटारींची संख्या अमेरिकेनं दबाव आणून बांधून घेतली. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि भीती चीनची झाली. त्यांच्या कारखान्यांच्या गावांत नोकऱ्या गेल्या, हे खोटं नाही. ज्याचं पोट गेलं त्याला हिशेबाची पुस्तकं दाखवून उपयोग नसतो. पण आपण कापूसवाल्यांनी ही भीती उसनी घेऊ नये. चीन वर आला म्हणून २०१०-११ चा भाव मिळाला. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही आणि तो तयार कपड्यांच्या व्यापारात जगात पहिल्या दोन-तीनांत आहे. कापूस कुठून घेतो? बराचसा आपल्याकडून. वर येणारा शेजारी हा गिरणीवाल्याचा स्पर्धक असेल, कापूसवाल्याचा तो गिऱ्हाईक आहे. बाजारात एकच गिरणी असावी हे गिरणीचं सुख आहे, आपलं नाही.

जुनी गोष्टही याच धर्तीची आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, त्यांचा कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावानं गेला. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराचं कर्ज राहिलं, आणि दहा वर्षांनी १८७५ ला पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याच युद्धानं अमेरिकेतली गुलामगिरी संपली, म्हणून महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. कापूस एकच, पण फुल्यांना त्यात भावाच्या पलीकडचं दिसलं होतं.

माणसांच्या दाराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सप्टेंबर २०२५ पासून घराघरांत तोही विषय झाला. तिकडे नोकरीसाठी नेणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. लातूर पॅटर्नमधून शिकलेली, पुण्यात इंजिनिअर झालेली पोरं आपल्याही तालुक्यातली आहेत. एखाद्याच्या बापानं दोन एकर विकून त्याला शिकवलं असेल. त्याला वाईट वाटणं साहजिक आहे. पण हे दार पूर्वीही असंच उघड-झाक होत आलं आहे. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते उघड्या दारानं. वर्ध्याकडचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेती शिकले. चार वर्षांनी, १९१७ ला, अमेरिकेनं कायदा करून आपल्याकडच्या माणसांना बंदी घातली. १९२३ ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड या माणसाला, तो त्यांच्याच फौजेत होता तरी, तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ ला वर्षाला शंभर माणसं येऊ द्यायचं ठरवलं. अख्ख्या हिंदुस्थानातून शंभर! खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्यानं. आणि खानखोजे? ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्यावर काम केलं. अमेरिकेत शिकलेली विद्या मेक्सिकोच्या शेतकऱ्याला मिळाली. ज्यानं दार उघडं ठेवलं त्याच्या रानात पीक आलं.

त्यांच्या शेतातही बघा. अमेरिकेत पिकांवर राबणाऱ्या मजुरांत दहातले साधारण चार बिनकागदाचे, बहुतेक मेक्सिकोकडचे. २०२५ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात शेतांवर छापे पडले तेव्हा मजूर घाबरून यायचे थांबले आणि शेतकरी ओरडू लागले. हे वाचून इथं कुणी हसू नये. आपल्या जिल्ह्यातली माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. आपलं गहू-सोयाबीन काढायला हार्वेस्टर पंजाबातून येतो. आणि २००८ साली याच महाराष्ट्रात परप्रांतीय मजुरांना मारहाण झाली, तेव्हा आपल्यातल्याही काहींनी टाळ्या दिल्या होत्या. ज्याला पोराच्या व्हिसाचं दुःख आहे त्यानं बिहारच्या पोराला स्टेशनवरून परत पाठवायची भाषा करू नये. दोन्ही पोरं कोरडवाहूचीच आहेत.

आता बियाण्याकडे येतो, कारण आमची विद्या तिथली. ज्या संकरित ज्वारीनं १९६४ नंतर आपल्या रानाचं चित्र बदललं, ती सी.एस.एच.-१, तिची मादी 'कम्बाइन काफिर ६०' अमेरिकेतून आलेली. नांदेडच्या संशोधन केंद्रानं काढलेला एन.एच.एच.-४४, ज्याला आपण नुसतं 'नांदेड ४४' म्हणत होतो, तोही अमेरिकन जातीच्या कापसाचा. वाईट माल येत नाही असं नाही; गाजरगवतसुद्धा अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि त्याला लोकांनी काँग्रेस गवत हे नाव दिलं ते कोणी दिल्लीहून पाठवलेलं नाही. पण मोजून पाहा. बी.टी. कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ ला त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि २०११-१२ पर्यंत आपण सव्वाशे लाख गाठींच्या वर निर्यात केली. त्यानंतर बियाण्याचं दार बंद. गुलाबी बोंडअळी जुन्या बी.टी.ला सरावली. नवीन वाण अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियाचा शेतकरी पेरतो, आपण पेरला तर गुन्हा. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी तणनाशक-सहनशील कापूस जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला तो याचसाठी. परिणाम काय? २०२४-२५ मध्ये भारताची कापसाची आयात निर्यातीपेक्षा मोठी झाली. ज्या बियाण्याला बंदी, त्या बियाण्याचा कापूस जकात माफ करून घरात. अमेरिकेच्या नाक्यावर बोलण्याआधी हा नाका कुणी बांधला ते विचारलं पाहिजे.

शेवटी ज्वारी. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत-अमेरिका यांचं जे संयुक्त निवेदन निघालं त्यात आपण कोणत्या मालावरची जकात कमी करू किंवा काढू त्याची यादी आहे. सोयाबीन तेल आहे, मद्यार्काच्या कारखान्यातली धान्यपेंड आहे, आणि 'जनावरांच्या खाद्यासाठी लाल ज्वारी' आहे. म्हाताऱ्या माणसांना लगेच १९७२ च्या दुष्काळातली मिलो आठवली. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या आयांनी त्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या, पोरांना त्या गिळवत नव्हत्या. तेव्हा ती खायला आली, आता जनावरांना येणार म्हणतात. पण ती कोणाच्या मालाशी झगडणार? शाळूशी नाही. मालदांडीचं गिऱ्हाईक लाल ज्वारी खात नाही. झगडणार ती खरिपातल्या हायब्रीडशी, जी ऐन काढणीत पावसात सापडून काळी पडते आणि कोंबडी-खाद्याला, दारूच्या कारखान्याला जाते. २०२५-२६ चा हायब्रीडचा हमीभाव ३,६९९ रुपये कागदावर होता. डागी ज्वारीला तो कुठं मिळाला ते हात वर करून सांगा.

मग लाल ज्वारी अडवा म्हणायचं का? इथं आमच्यातही एकमत नाही, ते लपवत नाही. आमचं मत असं. जो माल तिथल्या सरकारच्या पैशानं स्वस्त झाला आहे त्यावर तेवढीच भरपाईची जकात लावायचा हक्क जागतिक व्यापार संघटनेचे नियमच देतात. तो हक्क वापरावा. फिर्याद करावी, ब्राझीलनं केली तशी. त्याहून जास्त भिंत मागू नये, कारण भिंतीची चावी आपल्या हातात राहत नाही. आज लाल ज्वारीवर भिंत मागाल, उद्या तोच कारकून तीच भिंत तुमच्या कापसासमोर उभी करेल. १९७२ पासून २०१२ पर्यंत त्यानं तेच केलं आहे.

म्हणून या मेळाव्यापुढे जो ठराव आहे त्यात मोजक्या मागण्या आहेत. कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन यांवर निर्यातबंदी, निर्यात मर्यादा किंवा किमान निर्यात मूल्य लावू नये. आयात जकात काय असणार ते मृग लागण्याआधी, पेरणीपूर्वी जाहीर करावं आणि पुढच्या वर्षाच्या मृगापर्यंत ते बदलू नये. वेचणीच्या महिन्यांत सूट देऊ नये. परदेशी सरकारच्या सबसिडीएवढी भरपाईची जकात लावायला सरकारनं स्वतः हिशेब मांडावा. आणि जे बियाणं पेरलेला माल या देशात येऊ शकतो ते बियाणं पेरायची मुभा इथल्या शेतकऱ्याला असावी. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात ज्यांनी कापूस विकला त्यांनी आपल्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. हमीभाव आणि पट्टीतला भाव यातला फरक क्विंटलमागे लिहून गावचा तक्ता करायचा आहे. तक्त्याचे कोरे कागद मागच्या बाजूला सतरंजीवर ठेवले आहेत. प्रत्येक गावच्या दोघांनी ते घेऊन जावेत आणि भरून पुढच्या जिल्हा बैठकीला आणावेत. वाचता-लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्यांची पट्टी पोरीबाळींकडून लिहून घ्या, त्यांचं अक्षर चांगलं असतं.